इंग्रजीत काय लिहिलंय, ते घरी सांगता येतं का?

(पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींसमोर परळ इथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मित्रमैत्रिणींनो, मला सांगण्यात आलं होतं की प्रवेश परीक्षेच्या इंग्रजीवर बोला. वाचन कसं वाढवायचं, शब्द कसे पाठ करायचे, पुस्तकं कुठली घ्यायची. ते सगळं मी सांगणार आहे. पण आधी माझी पहिली परीक्षा कशी बुडाली ते सांगते, कारण पुढचं सगळं मी त्यातूनच शिकले.

मी लालबागची. दहा बाय बाराची खोली, आम्ही सहा माणसं. अब्बा रत्नागिरीकडचे, गिरणीत बदली कामगार होते. 1982 च्या संपात काम सुटलं ते सुटलंच. मग ते एका टेलरच्या दुकानात काज-बटणाचं आणि इस्त्रीचं काम करू लागले. अम्मी मदनपुऱ्याची. म्हणजे अब्बांकडून कोकणी, अम्मीकडून उर्दू आणि शाळेत मराठी. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं. ते आम्ही कसं शिकलो ते तुमच्यातल्या मराठी शाळेतल्या मुलांना सांगायला नको. प्रश्नोत्तरं पाठ, निबंध पाठ, पत्रलेखनसुद्धा पाठ.

2012 साली बीएस्सी झाल्यावर मी जीआरई द्यायचं ठरवलं. मला सार्वजनिक आरोग्य या विषयात मास्टर्स करायचं होतं. एका क्लासच्या मोफत लेक्चरला जाऊन बसले. तिथे विचारलं, 'कुठल्या मीडियमची?' मी म्हटलं, मराठी. मागून कुणीतरी 'व्हर्नी' म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. तुम्हाला माहीत असेल, अशा वेळी आपण पण हसतो. पण दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. फीचे पैसे नव्हते हे कारण मी घरी सांगितलं. ते खरंही होतं, पण अर्धंच.

मग फाउंटनच्या फुटपाथवरून एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक घेतलं. त्यात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. मी पहाटे फजरनंतर उठून ती पाठ करायचे. शब्द आणि समोर अर्थ, शब्द आणि समोर अर्थ. सहा महिन्यांत निम्मी यादी झाली. परीक्षेची फी अम्मीला लागलेल्या बिशीतून भरली.

परीक्षेच्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की माझं पुस्तक जुनं आहे. विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्या जुळवा, यावर त्या पुस्तकाचा सगळा भर होता. हे दोन्ही प्रश्नप्रकार ऑगस्ट 2011 पासून परीक्षेतून काढून टाकलेले होते. समोर आले ते उतारे, आणि गाळलेल्या जागांची लांबलचक वाक्यं. शब्द ओळखीचे दिसत होते, पण वाक्य कुठे चाललंय ते कळत नव्हतं. 130 ते 170 अशी गुणांची पट्टी असते. मला 142 मिळाले.

मी तीन आठवडे घरी खरं सांगितलं नाही. 'निकाल यायचाय' म्हणत राहिले. हे आजही मला आठवलं की खाली बघावंसं वाटतं. शेवटी एका रात्री अब्बांना सांगितलं. मला वाटलं, ते बिशीच्या पैशांचं विचारतील. त्यांनी विचारलं, 'पेपरात वाचायला काय आलं होतं? कशाबद्दल होतं?'

मला सांगता येईना. पाच-सहा उतारे मी वाचले होते. एक कुठल्यातरी चित्रकाराबद्दल होता, एक मुंग्यांबद्दल. त्यात काय म्हटलं होतं, यातलं एक वाक्य मला मराठीत, कोकणीत, उर्दूत, कशातच सांगता आलं नाही. अब्बा म्हणाले, 'म्हणजे तू वाचलंच नाहीस. डोळे फिरवलेस.'

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. पण ते वाचणारे होते. गिरगावातून निघणारा 'नवाकाळ' ते वर्षानुवर्षं वाचत. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून अग्रलेख शेजाऱ्यांना सांगत, आणि मग त्यावर वाद घालत. वाचायचं म्हणजे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे, हे त्यांच्या लेखी इतकं उघड होतं की माझं उत्तर ऐकून त्यांना आश्चर्यच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. रोज रात्री मी इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचायचा आणि जेवणानंतर, ते शर्टांना बटणं लावत असताना, तो त्यांना आपल्या भाषेत सांगायचा. ते मध्ये मध्ये चार प्रश्न विचारायचे. कोण बोलतोय? त्याचं म्हणणं काय? कशावरून म्हणतो? आणि 'पण' कुठे आला?

हे चार प्रश्न आज कागदावर उतरवून घ्या. पुढे मी परीक्षांचे प्रश्न नीट तपासले तेव्हा माझ्या लक्षात आलं की उताऱ्यांवरचे बहुतेक प्रश्न याच चारांतून निघतात. लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता, हा प्रश्न म्हणजे 'त्याचं म्हणणं काय'. अमुक उदाहरण लेखकाने का दिलं, म्हणजे 'कशावरून म्हणतो'. लेखकाचा सूर कसा आहे, आणि हे मत लेखकाचं की तो ज्याला विरोध करतोय त्याचं, म्हणजे 'कोण बोलतोय'. या शेवटच्या प्रश्नात सगळ्यात जास्त मुलं फसतात. लेखक सुरुवातीला दुसऱ्यांचं मत मांडतो, आपण तेच लेखकाचं समजतो.

आणि 'पण कुठे आला' हा तर सगळ्यांचा राजा. इंग्रजीत तो नाना वेशांत येतो. बट, हाउएव्हर, ऑल्दो, येट, नेव्हरदलेस, डिस्पाइट. उतारा कितीही अवघड असो, हे शब्द तुम्हाला येतातच. ते दिसले की पेन्सिल थांबवा. तिथे लेखक वळला. वळणाच्या आधी जे होतं ते इतरांचं म्हणणं असू शकतं, वळणानंतरचं बहुधा त्याचं स्वतःचं.

आता शब्दांकडे येऊ. अनेकांना वाटतं की या परीक्षा म्हणजे अवघड शब्दांच्या परीक्षा. थोड्या आहेत. पण तुम्हाला पाडतात ते बऱ्याचदा ओळखीचे शब्द. 'सँक्शन' घ्या. लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, हे लालबागच्या प्रत्येक घरात माहीत आहे. आणि एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन लावले म्हणजे काय? निर्बंध. एकच शब्द, एकदा परवानगी आणि एकदा मनाई. 'अरेस्ट' म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. पण इथून जवळच्या केईएम हॉस्पिटलात 'कार्डियाक अरेस्ट' म्हणतात तेव्हा हृदय थांबलेलं असतं. रोखणं, थांबवणं हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. 'चेक' म्हणजे तपासणं, आणि लगाम घालणंसुद्धा.

माझा आवडता शब्द 'क्वालिफाइड'. मुलगा क्वालिफाइड आहे, हे आपण रोज ऐकतो. आता हे वाक्य बघा, मी मराठीत सांगते. 'समीक्षकांनी नाटकाची स्तुती केली खरी, पण ती अगदीच गाळलेली जागा होती: नटांचं कौतुक भरपूर, नाटककाराबद्दल चकार शब्द नाही.' गाळलेल्या जागी 'क्वालिफाइड' येतो. अटी घालून केलेली, हातचं राखून केलेली स्तुती. ज्याने 'क्वालिफाइड म्हणजे पात्र' एवढंच पाठ केलं, तो हा पर्याय वाचून पुढे जाईल. ज्याने 'पण' बघितला, आणि त्या दोन टिंबांच्या पुढचं कारण बघितलं, त्याला कळेल की इथे अपुरी, अर्धवट अशा अर्थाचा शब्द हवा. जीआरईतल्या गाळलेल्या जागा अशाच असतात. उत्तर वाक्यातच ठेवलेलं असतं. म्हणून पर्याय बघण्याआधी पर्यायांवर हात ठेवा, आपल्या मनाने मराठी शब्द घाला, आणि मग त्याच्या जवळचा इंग्रजी शब्द शोधा.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कसं जमणार? मी म्हणते, हे तुम्ही लहानपणापासून करताय. 'खाली' हा शब्द घ्या. अम्मी म्हणाली 'डिब्बा खाली है' तर डबा रिकामा. शाळेत बाई म्हणाल्या 'खाली बसा' तर जमिनीवर. 'दफ्तर' म्हणजे मामूंचं ऑफिस, आणि 'दप्तर' म्हणजे आपली पाठीवरची पिशवी. 'हरकत' म्हणजे मराठीत आक्षेप, उर्दूत हालचाल किंवा खोडी. 'कायदा' म्हणजे संध्याकाळी मौलवीसाहेबांकडे शिकायचं पहिलं पुस्तक, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला विधिमंडळ करतं तो कायदा. यात तुमचा कधी गोंधळ झाला? नाही. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, पुढे-मागे काय आहे, यावरून तुम्ही क्षणात अर्थ लावला. एकाच भाषेत वाढलेल्या मुलाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपल्याला ती घरातून मिळते. आपण मात्र तिला गुण न समजता 'आमची भाषा धड नाही' असं म्हणत लाजत बसतो.

शब्द फोडण्याचंही तसंच. बेजबाबदार, नापसंत, गैरहजर, बदनाम. बे, ना, गैर, बद. पुढे हे जोडलं की अर्थ उलटतो किंवा बिघडतो, हे कुणी शिकवायला लागलं नाही. इंग्रजीत डिस, इन, मिस, मॅल हे त्यांचेच भाऊबंद. 'बेने' आलं की चांगलं, 'मॅल' आलं की वाईट. अशी वीस-पंचवीस मुळं शिकलात तर शेकडो शब्द अर्धे उघडतात. अर्धेच. कारण 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं असं वाटतं, आणि त्याचा अर्थ आहे पटकन पेटणारं. मुळावरून अंदाज करा, वाक्यावरून खात्री करा.

इथे एक गोष्ट थोडी जपून सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी अरबी वाचायला शिकलं, अर्थ न कळता. उच्चार शुद्ध, ओघ चांगला, पान पूर्ण. तिथे त्या पठणाचं महत्त्व वेगळं आहे, आणि त्याबद्दल मी बोलत नाही. पण ओळीवरून डोळे नीट सरकले की वाचन झालं, ही सवय मी इंग्रजीलाही लावली होती. शाळेने पाठांतराने ती पक्की केली. इंग्रजी उतारा मी खणखणीत वाचून दाखवायचे, आणि काय वाचलं ते सांगा म्हटलं की गप्प. तुमचंही तसं होतंय का, हे आज रात्री स्वतःला तपासून बघा. होत असेल तर घाबरू नका. चार प्रश्नांनी ते सुटतं, फक्त वेळ लागतो. मला पहिले दोन महिने एका लेखाला पाऊण तास लागायचा.

मातृभाषेच्या आधाराने इंग्रजी शिकणं हे कमीपणाचं आहे, असं तुम्हाला कुणी सांगेल. त्यांना याच परळची गोष्ट सांगा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला परळ भागातल्या डबक चाळीत एका खोलीत एक विद्यार्थी राहत होता. खोली इतकी लहान की वडील त्याला लवकर झोपवायचे आणि पहाटे दोनला अभ्यासाला उठवायचे. त्याच वडिलांनी त्याच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' करून घेतली होती. तर्खडकरांची पद्धत काय, तर मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं आणि इंग्रजीचं मराठी. शाळेत त्याला संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. 1913 मध्ये तो पदव्युत्तर शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि 1915 मध्ये तिथे एम.ए. झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जीआरई तेव्हा नव्हती. ती 1936 मध्ये कोलंबियासह चार विद्यापीठांच्या प्रयोगातून सुरू झाली. बाबासाहेबांची बुद्धी आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण भाषांतराची वही तर आपण करू शकतो.

आता वहीचं आणि खोक्याचं सांगते. रोज पाच शब्द, त्याहून जास्त नाही. सुटीचा एक दिवस सोडला तर आठवड्याला तीस, सहा महिन्यांत सातशेच्या वर. तेवढे खरोखर आले तर पुष्कळ झाले. शब्द यादीतून घेऊ नका, वाचलेल्या लेखातून घ्या. शब्द भेटला की लगेच फोन काढू नका. आधी अंदाज बांधा, तो वहीत लिहा, मग शब्दकोश बघा. अंदाज चुकला तर उत्तम. चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो. मग कार्ड करा. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद असायचे, त्यांचे मी तुकडे करायचे. एका बाजूला, शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य. दुसऱ्या बाजूला मराठी किंवा उर्दू, जे जवळचं वाटेल त्यात अर्थ, आणि आपल्या आयुष्यातलं एक वाक्य.

मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. नवी कार्डं पहिल्या कप्प्यात, ती रोज बघायची. आठवलं तर दुसऱ्या कप्प्यात, तो दर तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. चुकलं की कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात. ही माझी युक्ती नाही. माणूस पाठ केलेलं किती भराभर विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. आणि कप्प्यांची पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये पुस्तकात सांगितली. आता हेच करणारी मोफत अ‍ॅप मिळतात. मला खोकं बरं वाटतं, कारण खोक्यावर मेसेज येत नाहीत.

काय वाचायचं? ज्यात रस नाही ते. गंमत नाही करत. परीक्षेत क्रिकेट येणार नाही. चित्रकला, मुंग्या, बाजारभाव, भूगर्भशास्त्र, एखाद्या कादंबरीवरचा वाद, हे येणार. आठवड्याचे वार वाटून घ्या. एक दिवस विज्ञान, एक अर्थकारण, एक इतिहास, एक कला. सुरुवातीला एक सोपी युक्ती करा. एकाच घटनेवरचा मराठी अग्रलेख आधी वाचा आणि मग इंग्रजी. विषय माहीत असला की भाषा अर्धी सोपी होते. महिन्याभराने क्रम उलटा करा.

कुठे बसून वाचायचं, हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. घरात जागा नाही, टीव्ही चालू, पाहुणे. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. वरळीत 'अभ्यास गल्ली' आहे. बीडीडी चाळींतली किती मुलं तिथल्या रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकली असतील! पण मुलींनी रात्री अकराला गल्लीत बसून वाचावं, इतकं आपलं जग अजून सुधारलेलं नाही. म्हणून मी पहाट धरली. रमजानमध्ये सेहरीनंतरचा वेळ धरला. इथे बसलेल्या भावांना एक सांगते. घरात बहीण अभ्यास करत असेल तर तिच्या वाट्याची दोन भांडी तुम्ही घासा. ती रोज अर्धा तास जास्त वाचेल. तेही प्रवेश परीक्षेच्या तयारीतच धरा.

आता घड्याळ. जीआरई सप्टेंबर 2023 पासून लहान झाली आहे. भाषेचे दोन भाग आहेत: 12 प्रश्नांना 18 मिनिटं आणि 15 प्रश्नांना 23 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट, उतारा वाचण्याचा वेळ त्यातच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या वेबसाइटवर दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत. त्या शेवटासाठी राखून ठेवा.

एमबीएसाठी कॅट देणार असाल तर भाषेच्या भागाला 40 मिनिटं असतात, आणि अलीकडच्या परीक्षांत तिथे 24 प्रश्न आले आहेत, बहुतेक उताऱ्यांवर. तिथे पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर गुण कापला जातो, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, त्यातले 50 भाषेचे. प्रश्नाला सरासरी 45 सेकंद, आणि गुण कापणं नाही. तिन्ही परीक्षांची चाल वेगळी आहे. आणि नियम बदलतात. माझ्यासारखं जुन्या पुस्तकावर विसंबू नका. फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची अधिकृत सूचना स्वतः वाचा. इंग्रजीत असते ना? तोच तुमचा पहिला उतारा समजा.

पण घड्याळ लगेच लावू नका. पहिले दोन-तीन महिने वेळ न मोजता, समजेपर्यंत वाचा. मग वेळ लावा. समजायच्या आधी वेग वाढवला की आपण पुन्हा डोळे फिरवायला लागतो. आणि प्रत्येक सरावानंतर चुकांची वही. उत्तर चुकलं एवढंच लिहू नका, का चुकलं ते लिहा. 'पण' सुटला? दुसऱ्याचं मत लेखकाचं धरलं? शब्दाचा एकच अर्थ माहीत होता? महिन्याभरात दिसेल की आपण त्याच त्याच तीन चुका करतोय.

मी सव्वा वर्षाने परीक्षा पुन्हा दिली. या वेळी फी मी शिकवण्या घेऊन जमवली होती. मला 154 मिळाले. फार मोठे गुण नाहीत, इथे कुणाला याहून जास्त मिळतील. पण तेवढ्यावर अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, काही फी माफ झाली, बाकीचं कर्ज काढलं. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दीडशे पानं वाचायला दिली. तेव्हा कळलं की परीक्षेतला उतारा म्हणजे नुसती दारावरची बेल होती. जी मुलं शब्द पाठ करून आली होती ती अडखळली. मी दर रात्री स्वतःलाच विचारायचे: कोण बोलतोय, काय म्हणतोय, कशावरून, पण कुठे आला? शनिवारी अब्बांना फोन करून आठवड्याचं वाचलेलं सांगायचे. ते तिथूनही वाद घालायचे.

हे सगळं आपल्यासाठी का महत्त्वाचं आहे, ते एका आकड्यात सांगते. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटलं आहे की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या दर 25 विद्यार्थ्यांत एक मुस्लिम असतो, आणि पदव्युत्तर वर्गात दर 50 मध्ये एक. म्हणजे पदवी ते पदव्युत्तर या एका पायरीवर आपलं प्रमाण अर्धं होतं. त्याची कारणं पुष्कळ आहेत: पैसा, घरची जबाबदारी, भेदभाव, मुलींची लग्नं. ती सगळी एकट्याने सोडवणं तुमच्या हातात नाही. पण 'माझं इंग्लिश कच्चं आहे' असं म्हणून फॉर्मच न भरणं, हेही त्यातलं एक कारण आहे. माझ्या रविवारच्या वर्गात येणाऱ्या दहातल्या सात मुली पहिल्या दिवशी हेच वाक्य म्हणतात. कुणी मला ताई म्हणतं, कुणी आपा, पण वाक्य तेच. मी विचारते, बोलता येत नाही की वाचता येत नाही? कारण या परीक्षांत कुणी तुमचा उच्चार ऐकत नाही. तुम्ही 'व्हर्नी' आहात हे त्या कॉम्प्युटरला कळत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख घ्या. पूर्ण नको, पहिले तीन परिच्छेद. दोनदा वाचा, बाजूला ठेवा, आणि जेवताना घरातल्या एका माणसाला सांगा. आई असेल, आजी असेल, धाकटा भाऊ असेल. ज्याला इंग्रजी येत नाही असा माणूस मुद्दाम निवडा, कारण त्याच्यापुढे अर्धवट चालत नाही. त्याने 'असं का म्हणतो तो?' विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर परत पानाकडे जा. पुढच्या रविवारी वर्गाला याल तेव्हा मी तुमचे शब्द विचारणार नाही. काय वाचलं, कुणाला सांगितलं आणि त्यांनी काय विचारलं, ते विचारणार आहे.